गिलरीबाईंकडची भेंडी आणि नऊ लाख डॉलर

मॅडर्स फोर्ड, आर्कान्सा
शनिवार, ३ जानेवारी २०२६

ति. व्हर्नाताईस,
रॉइसचा सा. न. वि. वि. फोन न करता लिहितो आहे, म्हणजे तुझं पेल क्रीकचं पोस्ट बंद पडलं तर त्याचं पाप माझ्या माथी नको.

काल सकाळी साडेपाचला मी ऑफिसचं दार लावून नेहमीप्रमाणे माझ्या संघातल्या पोरांसाठी प्रार्थना केली. तुला ठाऊक आहे, मी एकेकाचं नाव घेतो. कुणाचा गुडघा, कुणाच्या आईचं दुखणं, कुणाचा गणिताचा पेपर, सगळं देवाच्या कानावर घालतो. आमेन म्हणून डोळे उघडले, तर समोरच्या फळ्यावर चौदांपैकी चार नावं पुसलेली. चौघं जास्त पैशासाठी दुसऱ्या विद्यापीठांत निघाले. त्यातला एक ज्या संघात चाललाय त्याच्याशी सप्टेंबरात आमची गाठ आहे, आणि मी त्याच्या डाव्या गुडघ्यासाठी चांगली पाच मिनिटं देवाला गळ घातली होती. आता ती मागे कशी घ्यायची?

पुसण्याचं काम कीटनचं. खेळाडूंना किती द्यायचं हे ठरवायला विद्यापीठाने ठेवलेला एकतीस वर्षांचा मुलगा. पूर्वी गुंतवणुकीच्या कंपनीत होता. आपल्या अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो एवढं त्याला माहीत आहे. मी कुणावर ओरडलो की तो येऊन हळूच सांगतो, की कोच, तुम्ही आत्ता ज्याला गाढव म्हणालात तो चार लाखांचा आहे. मागच्या महिन्यात एकाला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या, तर त्याच्या एजंटाने फोन करून विचारलं की फेऱ्या करारात कुठे लिहिल्या आहेत.

पोरं हावरट झाली, ताई. निष्ठा म्हणून उरली नाही. एक डेमेट्रिक गिलरी तेवढा आहे, माझ्या फळीतला मधला गडी. त्याची आई लुइझियानात शाळेची बस चालवते. तीन वर्षांपूर्वी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून भेंडी आणि भात दोनदा वाढून घेतला, सगळ्यांनी हात धरले, मी प्रार्थना म्हटली, आणि शब्द दिला की याला पोटच्या मुलासारखा बघेन. आमच्या धंद्यात करार होतो तो तिथे, सही मागाहून. त्याने एजंटसुद्धा ठेवला नाही. आई म्हणाली, कोच आहेत ना.

तुझी भावजय मार्लीन बरी आहे. माझा करार या महिन्याअखेर संपतो, तेव्हा जरा काळजीत असते.

तुझा लोभ आहेच. वाढवणार असलीस तर तिकीट जास्त लाव.
रॉइस

•

पेल क्रीक
मंगळवार, ६ जानेवारी

चि. रॉइस यास,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे पत्र वाचून परत घेतले.

त्या चौघांसाठी केलेल्या प्रार्थनेची चिंता करू नकोस. मुक्काम बदलणाऱ्यांची पत्रं मी तीस वर्षं नव्या पत्त्यावर पाठवते आहे. देवाचं खातं निदान माझ्यापेक्षा बरं चालत असेल.

निष्ठेचं मात्र जरा ऐक. अकरा वर्षांत तू चार विद्यापीठं बदललीस. दर वेळी तुझी नाताळची पेटी मला नव्या गावी धाडावी लागली. मोबीलहून निघालास तेव्हा हंगाम संपायला दोन सामने होते आणि तू विमानतळावरून पोरांना निरोप पाठवलास. तुला कुणी हावरट म्हटलं नाही. उलट केक कापला. मी तो खाल्ला आहे, चांगला होता.

पाच जाड्या पोरांना समोरच्या पाच जाड्यांना ढकलायला शिकवायचे तुला वर्षाला साडेपाच लाख मिळतात. इतकी वर्षं त्या जाड्यांना काय मिळायचं? राहायला खोली, पुस्तकं, आणि तुझं ओरडणं. तेव्हा तुला हे सगळं फार पवित्र वाटायचं. माझी आयुष्याची कमाई तुझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढी नाही. मी पत्रं तरी वेळेवर पोचवते.

रविवारी चर्चमध्ये नवे पाद्री दोन तास बोलले. त्यांनाही कुणीतरी जास्त पगारावर दुसरीकडे न्यावं, अशी मी प्रार्थना केली.

राग मानू नकोस. मानलास तरी पत्र पाठव.
तुझी ताई

•

मॅडर्स फोर्ड
गुरुवार, ८ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मार्लीनने मोठ्याने वाचलं, केकचा भाग दोनदा. आता माझ्याकडून झालेला मूर्खपणा सांगतो.

सोमवारी टेनेसीतल्या माझ्या एका जुन्या कोच मित्राचा फोन आला. असा फोन करणं नियमात बसत नाही, पण आमच्यात नियमात बसणारा कोच मी अजून पाहिलेला नाही. त्यांना डेमेट्रिक हवा आहे. नऊ लाख देतील. आम्ही तीन देतो. अट एकच, की सोळा तारखेच्या आत त्याने जाणाऱ्यांच्या यादीत नाव घालायला हवं. त्यानंतर वर्षभर दार बंद.

मला वाटलं, कीटनला सांगितलं तर तो आकडा वाढवेल. म्हणून धावत जाऊन सांगितलं. त्याने दार लावलं आणि विचारलं की हे त्या पोराला माहीत आहे का. मी नाही म्हटलं. तो इतका खूश झाला की मला कॉफी करून दिली. म्हणाला, कोच, ते घर तुमच्या हातातलं आहे, रविवारी जा, जेवा, तुमचं ते हात धरायचं करा, आणि साडेतीन लाखांवर सही आणा. सही आली की माझा करार दोन वर्षांनी वाढेल. नाही आली तर तो म्हणाला की बघू. त्याच्या तोंडी बघू म्हणजे काय, ते फळ्यावरून कळतं.

तेव्हापासून मी स्वतःला समजावतो आहे. साडेतीन लाख काही कमी नाहीत. इथे राहिला तर वर्षात त्याची पदवी होईल. मला खोटं बोलायचंच नाही, फक्त एक वाक्य बोलायचं नाही. सकाळी प्रार्थनेला बसतो आणि डेमेट्रिकच्या नावाशी आलो की खोकला येतो. मार्लीन म्हणते सिरप घे.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? लगेच लिही.
रॉइस

•

पेल क्रीक
शनिवार, १० जानेवारी

चि. रॉइस यास,
आशीर्वाद रोखून ठेवले आहेत.

योग्य ते करताना तू जन्मात कुणाला विचारलं नाहीस. विचारतोस ते दुसरं काही करायची परवानगी हवी असते तेव्हा. लहानपणी शेजारच्यांचं टरबूज उचलण्याआधी मला असंच विचारलं होतंस. मी तेव्हा हो म्हटलं, कारण मलाही फोड हवी होती.

या खेपेला मला काही नको.
ताई

•

मॅडर्स फोर्ड
सोमवार, १२ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आज मिळालं, म्हणजे जे व्हायचं ते झाल्यावर. पोस्टाबद्दल तुझ्याकडे तक्रार कशी करायची ते कळव.

काल पाच तास गाडी चालवत गेलो. वाटेत तीनदा कॉफीला थांबलो, तीनदाही तहान नव्हती. गिलरीबाई चर्चमधून नुकत्या आल्या होत्या, डोक्यावर जांभळी टोपी तशीच. मला बघून म्हणाल्या, की कोच, तुम्ही बारीक झालात, तिकडे काय नुसतं गवत घालतात का. कोंबडी, भेंडी, भात, ग्रेव्ही, मक्याचा पाव. डेमेट्रिक सुट्टीत घरी होता आणि मी बसायच्या आधीच एक तंगडी संपवून बसला होता. तेवढ्यासाठी आईने पाठीत चमचा हाणला.

मग त्यांनी प्रार्थनेसाठी हात पुढे केले.

मला ते धरता येईनात, ताई. हात टेबलाखालीच राहिले. मी म्हटलं, आधी मला एक सांगायचंय, ते देवासमोर नको, नुसतं तुमच्यासमोर. बाईंचा चेहरा पडला. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मी आकडा सांगितला. गाव सांगितलं, तारीख सांगितली. मला कशाला पाठवलंय तेही सांगितलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. मग शांतपणे विचारलं, की तो राहिला तर तुम्हाला काय. मी तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, की तीन वर्षं माझी भेंडी खाल्लीत आणि हे सांगायला कपाळावर एवढा घाम. डेमेट्रिकने विचारलं की माझ्या जागी कोण खेळेल. मी म्हटलं ते कीटनला विचार, त्याच्याकडे खडू आहे. पोरगा हसला, आणि हसता हसता रडायला लागला, म्हणून आईने पुन्हा चमचा उचलला, पण हाणला नाही.

प्रार्थना त्यांनीच म्हटली. माझं नाव घेतलं, आणि माझ्या नोकरीचंही. मग भेंडी दोनदा वाढली. मी नको म्हटलं नाही.

येताना गाडीतून कीटनला फोन केला. त्याने एकही शिवी दिली नाही, त्यामुळे करार गेला हे समजलं. मार्लीन आज सकाळपासून कपाटं आवरते आहे आणि गुणगुणते आहे. त्याचा अर्थ लावायचं धाडस मी केलेलं नाही.

एक राहिलं. जाणाऱ्यांच्या यादीत नाव घालण्याचा अर्ज मोबाइलवरच भरायचा असतो. डेमेट्रिकचे दोन्ही हात मनगटापर्यंत ग्रेव्हीने माखलेले, आणि गिलरीबाईंना चष्मा सापडेना. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो अर्ज त्याच्या मोबाइलवर मी लिहिला, त्यांना वाचून दाखवला, आणि पाठवला.

लोभ असू दे, पत्ता बदलला की कळवतो.
रॉइस