धाकट्याचा दिवा

रविवार, लेगी

आले बाई एकदाची स्वतःच्या घरात! ट्रकच्या मागं कपाट, गादी, चूल आणि पुढं सुगेंगच्या शेजारी मी, मांडीवर कोंबड्यांची टोपली घेऊन. घाटात दर वळणाला हे विचारायचे, वेनिंग, बरी आहेस ना? मी म्हटलं, तुम्ही रस्त्याकडं बघा, म्हणजे बरी राहीन. कोंबडीनं मात्र मी नेसलेल्या नव्या सारोंगची पार वाट लावली.

खाली सेमारांग शहरात बसस्थानकामागच्या खोलीत इतकी वर्षं काढली. खिडकी उघडली की गटाराचा वास यायचा. इथं दार उघडलं तर लवंगांचा! सागाच्या फळ्यांचं घर, वर कौलं, मागं कसाव्याचं वावर, उताराला लवंगेची झाडं. आणि सगळं आपलं. मी आल्या आल्या अंगण झाडून काढलं. घरमालकीण झाडतेय, असं मनात म्हणत झाडलं. हसू येत होतं.

घर एका म्हातारीचं होतं. ती वारली, मागं कुणी नाही, म्हणून गावप्रमुखांनी विकायला काढलं. स्वस्तात कसं मिळालं विचारलं तर सुगेंग म्हणाले, एवढं वर चढून यायला कुणाला हौस आहे! ते मात्र खरं. माझी कंबर साक्षीला आहे.

दाराच्या उजव्या हाताला, वळचणीखाली भोक पाडलेलं एक मडकं पालथं घातलंय. त्या म्हातारीच्या मुलाची वार, बाळामागून पडते ती, पुरलीय तिथं. मुलाची उजवीकडं, मुलीची डावीकडं. माझ्या आईनं माझीही अशीच पुरली होती. प्रमुखांनी अट एकच घातली, की मडकं हलवायचं नाही. कोण हलवतंय!

पोटातलं आज फार लाथा मारतंय. आठवा लागला. माझी दोन गेली. एक पाचव्या महिन्यात आणि एक जन्मल्यावर, मी नीट तोंडही पाहिलं नव्हतं तोवर. हे तिसरं मात्र मी या घरात जन्माला घालणार आणि याच अंगणात रांगवणार. लिहून ठेवते.

मंगळवार, पॉन

लेगी ते क्लिवोन हा आमचा पाच दिवसांचा बाजारी आठवडा, त्यातल्या पॉनला इथं बाजार भरतो, दर पाचव्या दिवशी. तेवढ्या दिवशीच खाली जायला गाडी, एरवी पायानं उतरा नाहीतर गप्प घरी बसा. सुगेंग त्याच गाडीत लवंगांची पोती भरून बंदरावर गेले, पुढच्या पॉनला येतील. मी सोयाबीनचं टेंपे, मिरच्या आणि खोबरं घेतलं. बायकांनी मला आधी डोळ्यांनीच सोलून काढलं. मग एक म्हणाली, शहरवाली, तिखट खातेस का नुसतंच बोलतेस? मी तिच्याच टोपलीतली मिरची उचलून कच्ची चावली. हसल्या सगळ्या. डोळ्यांतनं पाणी आलं माझ्या, पण मान राहिला.

शेजारची म्हातारी वार्सियेम घरी येऊन गेली. सगळं गाव तिला सिंबाह म्हणतं, म्हणजे आजी. गावातली अर्धी माणसं तिच्याच हातावर जन्मली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात पोटावर ठेवून म्हणाली, पोरगा आहे, आणि बापासारखा आडवातिडवा आहे.

तिनंच या घराची हकिगत सांगितली. म्हातारीचा एकुलता एक कार्सो जहाजावर गेला. आई रोज तिन्हीसांजेला मडक्यात दिवा लावायची. वार म्हणजे माणसाचा पाठचा भाऊ. दोघं बरोबर जन्मतात, मग एकाला उजेड मिळतो आणि एकाला माती. मातीतला धाकटा थोरल्याला आयुष्यभर राखतो आणि कितीही लांब गेला तरी घराकडं ओढतो. पण कार्सो समुद्रात बुडाला, प्रेतही सापडलं नाही. आई गेली. धाकटा तेवढा राहिला, थोरल्याची वाट बघत.



रविवार, पॉन

सुगेंग आले. बाळाला झोळीसाठी बटिकचं छापील कापड आणलंय, तपकिरी, बारीक पाखरांचं. मी म्हटलं, गडद आणलंत, बरं झालं, मळखाऊ आहे. खरं तर फार आवडलं. आज उशाशी घेऊनच झोपणार. हे मात्र लगेच गाडी भरून पुन्हा खाली गेले.

मंगळवार, क्लिवोन

दिवसभर पाऊस. तिन्हीसांजेला कोंबड्या कोंडायला बाहेर गेले तर मडक्याकडं लक्ष गेलं. अंधार, चिखल, आणि ते एकटंच. बिचारं! आई असती तर दिवा लागला असता. आपण आता या घरात राहतो, तर एवढं करायला काय बिघडतं? वातीचा दिवा लावला आणि मडक्याच्या भोकातून आत सरकवला. उजेड छान पडला. आत येऊन गरम भात खाल्ला. बरं वाटलं.

बुधवार, लेगी

सिंबाहनं आज मला फाडून खाल्लं. कुणीतरी तिला दिव्याचं सांगितलं असणार. काठी आपटत आली आणि म्हणाली, अगं अक्कल गहाण टाकलीस का? दिवा कधी लावतात? मी म्हटलं, मूल जन्मल्यावर. मग इथं कोण जन्मलंय, म्हणाली.

मी म्हटलं, कार्सोची आई तर रोज लावायची. तर म्हणाली, ती आई होती. तिच्या दिव्याचा अर्थ एवढाच, की थोरला अजून वाटेवर आहे. तुझं पोट पुढं आलेलं. तू दिवा लावलास म्हणजे तू धाकट्याला सांगितलंस, की तुझा थोरला घरात आलाय. आता तो त्याला शोधणार.

मी हसण्यावारी न्यायला गेले, पण ती मडक्याकडं पाठसुद्धा करेना, ते पाहून हसू गेलं. उपाय सांगितला तिनं. बाळ जन्मलं की त्याची स्वतःची वार बापानं धुवायची, पांढऱ्या कापडात गुंडाळायची, बाळासारखी छातीशी धरून न्यायची, पुरायची आणि दिवा लावायचा. बाळाला आपला धाकटा मिळाला की दुसऱ्याचा धाकटा माघारी जातो. पण बाप हवा. तोवर मडक्याला हात लावू नकोस, म्हणाली, आणि घाबरू तर मुळीच नकोस. हे बरं आहे, स्वतःच घाबरवायचं आणि वर हे!

दिवा मी विझवला.

शुक्रवार, पॉन

तांदूळ निवडताना सुई सापडली. गंजलेली, टोकाला माती. वारेबरोबर सुई, दोरा आणि पेन्सिल पुरतात, मूल हुशार व्हावं म्हणून. मी ती सुगेंगना दाखवली. ते म्हणाले, जुनं घर, सुया निघायच्याच.

मी म्हटलं, मला आईकडं नेऊन सोडा, बाळंतपण तिकडंच होऊ दे. आधी म्हणाले, घरासाठी जिवाचं रान केलंस आणि आता पळतेस? मग माझं तोंड बघून गाडीत जागा आहे का पाहून आले. आज गाडी खचाखच भरलीय, दोन बायका तर पोत्यांवर बसल्यात. पुढच्या बुधवारी, पॉनला, नक्की नेईन म्हणाले. माझ्या पोटाला हात लावून शपथ घेतली. हट्ट धरायला हवा होता मी. पोत्यावर बसून गेले असते.

रविवार, क्लिवोन

झाडलेल्या अंगणात सकाळी एक ओला पट्टा. पाऊल नाही. पाय नसलेलं काहीतरी ओढत आल्यासारखा. मडक्यापासून निघालाय, पायरीपाशी थांबलाय. त्याच पट्ट्यावरून काळ्या मुंग्यांची रांग. राख टाकली, झाडलं. दुपारी बघते तर रांग पुन्हा तिथंच. उंबरा ओलांडलाय.

झोळीच्या बटिकमध्ये दोरा मिळाला. कुजका. पाखरांच्या अंगावर गुंडाळून ठेवलेला.

सिंबाह म्हणाली, थोरल्यासाठी आणतोय गं तो. त्याच्याकडं दुसरं आहेच काय?

मला रडू आलं. भीतीनं की दयेनं, देव जाणे.

सोमवार, लेगी

मडक्यातला दिवा पेटलाय. भर दुपारी. मी लावला नाही. तेल नाही त्यात, वात नाही. विझवला, पुन्हा पेटला.

सिंबाह माझ्याकडं राहायला आलीय. दाराशी बसून जपमाळ ओढते, मध्येच डुलक्या काढते, आणि मी म्हटलं की झोपलात, तर म्हणते, तुझा बाप झोपला असेल. तिच्यामुळं घरात माणसाचा आवाज आहे.

उशीखाली पेन्सिलीचं थोटूक. सुई, दोरा, पेन्सिल. त्याच्याजवळचं सगळं देऊन झालं. आता तो काय देणार? की आता घेणार?

बुधवार, पॉन

गाडी आली नाही. दरड कोसळलीय. घाटाचं वळणच खाली गेलं म्हणतात. बाजार भरला नाही. सुगेंगचा फोन लागेना, मग एकदा लागला. आवाज तुटत होता. चालत येतो म्हणाले. पलीकडून, रानातून. येतो, वेनिंग, येतोच मी—

प्रमुखांनी चार माणसं पाठवतो म्हटलं, मला खुर्चीवर बसवून उतरवायला. पण पाऊस. उद्या बघू म्हणाले.

मुंग्या पलंगाच्या पायापर्यंत.

गुरुवार, वागे

कळा. फार लवकर. खुर्ची दारात आली आणि मला उभंच राहवेना. सिंबाहनं माणसांना माघारी धाडलं, बायकांना पाणी तापवायला लावलं. म्हणाली, बाप येईपर्यंत थोपवून धर. मी म्हटलं, हे काय हातात असतं का आजी?

मडकं उताणं पडलंय. एका बाईनं पाहिलं. खालचा खड्डा रिकामा आहे म्हणाली, आणि घरी गेली. मागोमाग बाकीच्याही.

शुक्रवार, क्लिवोन

झाला. मुलगा. उजाडताना. रडला! कसला खणखणीत रडला. कानाला तीळ आहे. मी पाहिला, मोजून मोजून पाहिला, बोटं, नखं, सगळं. माझा. जिवंत.

मग माझी शुद्ध गेली असावी.

त्याच दिवशी, दुपारी

जाग आली. बाळ कुशीत, पांढऱ्या कापडात. पितंय.

सिंबाह हात धुऊन आत आली. बापाची वाट बघत बसता येईना, धाकट्याला उन्हं चढायच्या आत पुरायलाच हवं, म्हणून तिनंच नेलं. उजव्या हातालाच, जुन्याच्या शेजारी. नवं मडकं, नवा दिवा. खूश होती. म्हणाली, जन्मात एवढी जड वार पाहिली नाही गं. आणि ऊब काय तिला! छातीशी धरली तर जिवंत असल्यासारखी. राखील तुझ्या पोराला.

मग घरी गेली, दोन रात्रींची झोप काढायला. पाऊस पुन्हा लागलाय.

पेन सापडेना. पेन्सिलीच्या थोटकानं लिहितेय.

बाळ रडत नाही. भूक मोठी आहे त्याची. गार लागतंय मात्र. दोन्ही हातांनी चोळते, तरी गार. कापडाला मातीचा वास. पावसाचा असेल—

मुंग्या. कापडातून येताहेत.

थोड्या वेळानं

पाणी प्यायला वाकले. पलंगाखाली परात आहे. परातीत वार. माझी. तशीच. रक्त सुकलंय, धुतलेलीसुद्धा नाही.

मग सिंबाहनं काय—

पांढरी कापडं दोन होती, एक बाळाला, एक वारेला. तिला दिसत नाही. तिला दिसत नाही!

मी कापड उघडलं. लिहवत नाही. तोंड तेवढं आहे.

रडतंय. बाहेर. उजव्या हाताला. नव्या मडक्याखाली. तोच आवाज, उजाडताना ऐकला तो. माझं बाळ. माझं बाळ मातीत—

हाका मारतेय. पावसात कोण ऐकणार. सुगेंग, तुम्ही आलात आणि हे हाती लागलं, तर आधी खणा. माझ्याकडं बघू नका, आधी मडक्याखाली खणा.

एकाला उजेड, एकाला माती. पाळी बदलून घेतली यानं.

कुदळ चुलीपाशी आहे. चार पावलं. उठते. उठते रे राजा, रड तू, रडत राहा, थांबू नकोस—

थांबलं.

नाही. आहे. बारीक आहे.

हे सोडत नाही. मी ढकलतेय, सोडत नाही. माझं बोट धरलंय घट्ट. कापड उघडून पाहिलं तेव्हा याला हात नव्हते. मग हे माझं बोट