अनवाणी सुलक्षणा आणि पाच नंबरचे बूट

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)
९ एप्रिल १९८४

तीर्थस्वरूप धाकूदादास दशरथचा साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? वाकून देवीला फुलं चिकटवताना त्रास होतो असं वहिनीने लिहिलं होतं, तेव्हापासून काळजी वाटते. (वहिनीचं कुळथाचं पीठ पोचलं. अर्धं शेजारच्या नंदाताईंनी ‘चव बघायला’ नेलं, त्या अजून चव बघतायत.) सहा महिने पत्र नाही आणि आज एकदम ही चार पानं, तेव्हा तुला संशय येणारच. येऊ दे.

तर काय झालं, आमच्या बुटांच्या कंपनीचे मालक चंद्रप्रकाशशेठ यांनी पेपरात एका पोरीचा फोटो पाहिला. बोरिवलीच्या शर्यतीत तिने सगळ्यांना अर्धा मैल मागे टाकलं होतं. शेठ म्हणाले, हिचा फोटो आपल्या खोक्यावर पाहिजे. तिला बूट द्या, खुराक द्या आणि करारावर सही घ्या. सही आली तर दशरथ कायम, नाहीतर एक मेपासून दशरथने दुसरीकडे बघावं. पोरगी निघाली माझ्याच वाकोल्यातली, त्यातून आपल्या शेजारगावच्या सीतारामची सुलक्षणा! मला वाटलं, काम झालंच. पण पेपरवाल्यांनी फोटो गुडघ्यापर्यंतच छापला होता. गुडघ्याखाली काय आहे, हे शेठनेही पाहिलं नाही आणि मीही नाही.

गुडघ्याखाली काहीच नव्हतं, दादा. पोरगी अनवाणी धावते.

पाच नंबरचं खोकं घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. तिने बूट हातात घेतले, वास घेतला, नाडीवरून बोट फिरवलं, परत कागदात गुंडाळले आणि म्हणाली, ‘काका, झकास आहेत. पण नको.’ का नको, ते सांगेना. आता तुला माझी खोड माहीत आहे. मला कुणी ‘नाही’ म्हटलं तर चालतं, पण ‘का’ सांगितलं नाही की मला जेवण जात नाही. मला वाटलं, माप चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी ती नळावरून घागर घेऊन निघाली, तसा मी फरशीवरच्या तिच्या ओल्या पावलांवर पेपर दाबून ठसे घ्यायला बसलो. अख्खी चाळ कठड्यावर गोळा! कुणी म्हणालं पोलिसांचा माणूस, कुणी म्हणालं मुलाकडचे लोक हल्ली असंही बघतात वाटतं. वनमाला मावशींनी तर मुलगा काय करतो म्हणून मलाच विचारलं. माप पाचच निघालं.

मग कळलं की ती दर रविवारी मनोरीला जाऊन वाळूत धावते. मी मागोमाग गेलो. कंपनीची शान म्हणून पायात आमचेच नवे बूट घातले होते. मार्व्याहून होडीने मनोरीला उतरलो ती नेमकी ओहोटीची वेळ. पहिलंच पाऊल चिखलात गेलं, ते वर आलं तेव्हा बुटाचा वरचा भाग माझ्या पायात आणि तळ खाडीत! सुलक्षणा हसून हसून खाली बसली. आणि ती अशी पाय पसरून बसली तेव्हा मला तिचे तळवे दिसले. दादा, माझं हसणं तिथल्या तिथे थांबलं. भेगा, जुन्या जखमा, एका टाचेला ओली पट्टी. मे महिन्यातली मोठी स्पर्धा खडीच्या मैदानावर आहे, आणि ही जखम आता चिघळली तर धावणं कायमचं बंद, असं डॉक्टरने बजावलंय. म्हणून बिचारी वाळूत धावते.

मग तिनेच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी संप लागला, तेव्हा गावी येऊन तिने देवीपुढे नवस बोलला होता, की गिरणी सुरू होऊन बाबा कामावर जाईपर्यंत मी पायात काही घालणार नाही. मी म्हटलं, अगं वेडे, ती गिरणी आता कसली उघडते! तर म्हणाली, ‘ते मला कळत नाही का, काका? पण बाबांना कोण सांगणार? मी चप्पल घातली की त्यांना कळेल ना.’

परतल्यावर मी सीतारामला गाठलं. (आता सहीसाठी नव्हे. तेवढा काही मी गेलेला नाही.) तो विडी पेटवायची सोडून म्हणाला, ‘गिरण काय आता उघडाची नाय रे. पन पोरीक ता कोण सांगतलो?’

दहा बाय बाराची खोली, दादा, आणि दोघं दोन वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतायत. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दशरथ (अजून कायम न झालेला)

ता. क. आमच्या बुटांचे तळ कसे निघतात ते मी पाहिलंच आहे. म्हणून तिचा जोड नाक्यावरच्या धोंडिराम चांभाराकडून दुहेरी शिवून आणलाय. शेठला कळवू नये.

ता. क. दुसरा. त्या नवसाचं गाऱ्हाणं देवीपुढे तूच घातलं होतंस, असं सुलक्षणा म्हणते. तेव्हा सोडवणारही तूच. पत्र पोचल्यावरच्या पहिल्या मंगळवारी देवीला फुलं चिकटवून कौल लाव आणि विचार, पोरीने बूट घातले तर चालेल का. सीतारामच्या नावाने तार कर: ‘नवस पोचला, बूट घाल.’ त्या दोघांना एकमेकांना काही सांगावं लागणार नाही.

ता. क. तिसरा आणि खरा. तू देवीच्या नावाने उभ्या जन्मात खोटं बोलला नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी मुंबईला निघालो तेव्हा डावा कौल पडला, देवी ‘जाऊ नको’ म्हणाली, तेही तू मला तोंडावर सांगितलंस. तेव्हा नीट वाच. उजवा पडला तर लगेच तार कर. डावा पडला तरी तीच तार कर.