स्पीकर प्रकाशच्याच फोनला का?

शुक्रवार, दिवेलागण

परत स्पीकर मुका झाला आणि परत दोष माझाच! भाजीला खाली जाताना मी घरातली सगळी बटणं बंद केली. के. आर. पुरमला दुकान होतं तेव्हा शटर ओढायच्या आधी रोज तेच करायची, हात आपोआप जातो. त्यात वायफायचा डबाही बंद झाला. चालू केला, तर स्पीकरचा लाल दिवा नुसता लुकलुकतोय.

प्रकाशला ऑफिसात फोन लावला. म्हणाला, "आई, मागचं बटण दाबून धर." धरलं. दिवा लालच.

"मग माझ्या फोनवरूनच जोडावा लागेल. आल्यावर बघतो."

"माझ्या फोनला जोड की एकदा."

"तू भलतंच काहीतरी दाबशील. स्वल्प थांब ना."

अख्खं दुकान चालवलं मी, आणि याला वाटतं मला बटण कळत नाही! त्या लाल दिव्याकडे बघत बसले. देवापुढे दिवा लावला, भजन नाही. स्वतःच्या मुलाच्या घरात भजन लावायला मुलाची वाट बघायची? पाहुणी आहे का मी इथे?

आज तोंडावर सांगणार. स्पीकर माझ्या फोनला जोड, नाहीतर मला के. आर. पुरमच्या जुन्या घरी नेऊन सोड. नुसतं "सरी, सरी" म्हणत हो ला हो नको. रविवारपर्यंत काय ते सांग.