कोपरा आला की पाणी

अब्बा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलो आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे प्रेमाबिमाची अपेक्षा राहायला नको.

धुळ्याच्या दुकानात तुम्ही ताडपत्री शिवायला बसलात की मी समोर बसायचो. कडेची दुमड, दोऱ्याला मेण लावणं, सगळं बघू द्यायचात. कोपरा आला की म्हणायचात, "जा, पाणी घेऊन ये." माठ काठोकाठ भरलेला असला तरी. मी तांब्या घेऊन येतो, तोवर कोपरा शिवून, पितळी रिंग ठोकून झालेली. पाण्याला तुम्ही तोंडही लावत नाही. एकदा दाराआडून डोकावलो, तर चोपड्याहून आलेल्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "याचा हात शिलाईचा नाही. हमालीला बरा आहे." ते हसले. तुम्हीही हसलात, ते मी विसरलेलो नाही.

मग भंगारात मिळणारे तंबू उसवून उसवून मी माझं मी शिकलो. तुमच्या हातचं मात्र कधी उसवलं नाही. हट्टच होता तो.

या हिवाळ्यात जळगावच्या काही भटकंती करणाऱ्या मंडळींनी माझ्याकडून सहा तंबू शिवून घेतले. तापीच्या धरणाच्या फुगवट्यात एक बेट आहे, तिथे दोन दिवस मुक्काम. तंबू टिकले तर पुढची सगळी शिबिरं माझी, असं ठरलेलं. म्हणून मी स्वतः उभारायला गेलो. प्रवासी बोटीत पलीकडच्या गावच्या बाया, दोन शेळ्या, एक मोटारसायकल आणि माझे गठ्ठे. डोक्यावर छपरासारखी बांधलेली जुनी ताडपत्री. सहज वर पाहिलं आणि टाके दिसले: तिरप्या तीन ओळी, शेवटचा टाका उलटा फिरवलेला. असा टाका तुमच्याशिवाय दुसरं कुणी घालत नव्हतं.

नावाडी म्हणाला, "मिस्तरी, हाई मन्हा बापना येळनी शे. बठ्ठी फाटी गई, पन कोपरा नही." खरंच, सगळी ताडपत्री विरून फाटलेली, कोपरे मात्र शाबूत.

दुपारी बेटावर वारा सुटला आणि माझ्या दोन तंबूंचे कोपरे रिंगांसकट फाटून हातात आले. एका मुलीने विचारलं, "काका, हे तुम्हीच शिवलेत ना?" मी दोरीने कसंबसं बांधून वेळ मारून नेली. मुक्काम पार पडला, पण पुढच्या शिबिरांचं कुणी बोलेना.

परतीच्या बोटीत मी नावाड्याला खोटं सांगितलं, की एक कोपरा सैल झालाय, शिवून देतो. उसवला. आत दुमडीमध्ये सायकलच्या ट्यूबचा चार बोटांएवढा तुकडा. बस, एवढंच. दोरी ओढली की ताण कापडावर न येता रबरावर येतो. सांगायला एक मिनिटही लागलं नसतं, अब्बा. एक मिनिट. त्यासाठी मला किती वर्षं पाण्याला पाठवलंत? मी तुमचा मुलगा होतो, समोरचा दुकानदार नव्हतो.

तुकडा होता तसा आत ठेवून कोपरा परत शिवला. उलट्या टाक्यासकट.

तंबू दुरुस्तीला म्हणून घरी आणले, सहाहींच्या चोवीस कोपऱ्यांत ट्यूब घातली आणि ते जळगावला नेऊन दिले. मंडळींनी सगळ्या बाजूंनी ओढून पाहिले. "हे कुठून शिकलात?" त्यांच्या म्होरक्याने विचारलं. मी म्हणालो, माझं मी.