मॅडमना न सांगितलेला राग

शिवलीला,
भाकरी दुरडीत हाय, आमटी तेवढी गरम करून घे. मी लक्ष्मीपुरीतनं बाजार करून परस्पर समुपदेशनवाल्या मॅडमकडं जाते. तू चारला ये.

मागल्या खेपेला त्यांनी राग कशाचा म्हणून विचारलं, तर मी धर्माचा म्हटलं. खोटं बोलले. खरं तोंडातनं निघंना, म्हणून लिहिते.

तू गळ्यातनं काढून ठेवलेल्या इष्टलिंगाची पूजा रोज मीच करते. दुसऱ्यानं, आईनंसुद्धा, हात लावू नये, तरी लावते. चर्चला जातीस, जा. पण परवा चर्चच्या दारात पास्टरच्या बायकोला तू ‘अव्वा’ म्हणून हाक मारलीस. मी रस्त्यापलीकडं भाजी घेत होते. सवयीनं मीच ओ दिली.

— अव्वा