बॉनेटखालचं लिंबू

पप्पा, तुमच्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला, आणि तो माझ्यामुळे तुटला. आईला वाटतंय गाडीच वाईट आहे. उद्या सकाळी एक माणूस ती बघायला येतोय, पसंत पडली तर टो करून नेणार. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, आणि हे सांगायला मला तुम्हीच सापडलात. इंग्लिश मीडियमची ना मी, मराठी लिहायची सवय नाही. सांभाळून घ्या.

तुम्ही आठवडाभर डेपोत बसची इंजिनं उघडायचात आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपलं. मी दहा वर्षांची, बॉनेटमध्ये डोकं घातलेली. तुम्ही मला मागे ओढता. "गो बाय, केस बांध आधी. फिरत्या पट्ट्याजवळ लोंबतं काय ठेवायचं नाय. त्याला दया नसते." इंजिनातले वरचे वॉल्व्ह आणि खालचे पिस्टन टायमिंग बेल्टच एका तालात ठेवतो, हेही तेव्हाच शिकवलेलंत. केस मी आजही बांधते. बाकी सगळं मॉडिफाय केलं. जास्त ताकदीसाठी वॉल्व्ह उघडणारा कॅम मोठा टाकला, इंजिनाचं हेड घासून घेतलं. बेल्टवरचं काळं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं, कारण आतली लाल पुली झकास दिसायची. फक्त आई दर शनिवारी आणून देते ती लिंबू-मिरची नव्या बंपरवर बरी दिसेना. रविवारी आमचा ग्रुप आरे कॉलनीत गाड्या घेऊन जमतो, फोटो काढतो. फेकायची हिंमत नव्हती, म्हणून मी ती तारेसकट आत बॉनेटखाली अडकवायला लागले.

गेल्या आठवड्यात आईला बोरीवलीला मावशीकडे नेत होते. आरेच्या चढावर खट्ट झालं आणि इंजिन मेलं. मागे बस हॉर्न मारतेय, एका बाजूला रिक्षा, दुसरीकडे झाडं, दारही नीट उघडेना. आई विचारते, "लिंबू बांधलेलंस ना गं?" मी म्हणते, "बांधलेलं." खोटं नव्हतंच ते. "बांधूनही असं?" म्हणाली.

तुमच्या डेपोतल्या काकांचं आता मुलुंडला स्वतःचं गॅरेज आहे, गाडी टो करून तिथेच नेली. त्यांनी पुलीला गुंडाळलेली तार सोडवली, सोबत अर्धी मिरची. "इंजिनाला फोडणी देत होतीस काय गं?" खूप हसले. मग वॉल्व्ह बघितले आणि हसायचे थांबले. आधीच्या इंजिनात बेल्ट तुटला असता तर गाडी नुसती बंद पडली असती, म्हणाले. मी कॅम आणि हेडला हात लावला, म्हणून मधली जागा उरली नाही, पिस्टन वॉल्व्हवर आदळले, सगळे वॉल्व्ह वाकले. "होईल दुरुस्त, वेळ लागेल. वहिनीला तू सांगतेस का मी सांगू?"

"मी सांगते."

सांगितलं नाही. आईने कामच थांबवलं, गाडी परत आणून पार्किंगमध्ये उभी केली. "लिंबू असताना बंद पडली, म्हणजे तिच्यातच काहीतरी शिरलंय. नवरा गेला, आता पोरगी नको जायला." पप्पा, खरं सांगितलं तर तिच्याच लिंबाने तुमची गाडी मोडली, तेही मी लपवलं म्हणून. नाही सांगितलं तर गाडी जाणार.

सहावीत मी तुम्हाला म्हणाले होते, "मला गेटच्या अलीकडेच सोडा." मैत्रिणी गाडीपुढच्या लिंबाला हसायच्या. तुम्ही ओरडला नाहीत. कोपऱ्यावर गाडी थांबवलीत, उतरून लिंबू सोडवलंत, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंत आणि मला गेटपर्यंत नेलंत. मग रोज तेच, वर्षभर. घरी आई विचारायची, "लिंबू आहे ना गाडीला?" तुम्ही म्हणायचात, "आहे." मी खाली बघून जेवायचे.

आज शनिवार. दुपारी आईने स्टेशनवरून नवीन लिंबू-मिरची आणली. "जाईपर्यंत आपलीच ना," म्हणाली. मी गाडीत बसून हे लिहितेय. कागद त्याच कप्प्यात ठेवते, उद्या काढून घ्यायला हवा. आत्ता वरून खिडकीतून तिने विचारलं, "बांधलंस?" मी ओरडून "हो" म्हटलं.

ते माझ्या मांडीवर आहे.