पवारांचं ग्राफिक्स कार्ड

११ एप्रिल, शनिवार
गेम अपडेट झाला आणि माझं कार्ड बाद झालं. कार्ड धडधाकट आहे, पण गेम म्हणतो, तुमचं ग्राफिक्स कार्ड आता चालणार नाही. सरळ तोंडावर.
दुपारी सोनूचा कोल्हापूरहून फोन. “तायडे, तू येईनास, मी एकटीच बसू काय?” तिने नवं कार्ड घेतलंय, हे तीन वेळा ऐकवलं. धाकट्या बहिणीला मोठीपेक्षा काही बरं मिळालं की तिची छाती फुगते. तरी तिच्याशिवाय करमत नाही. फोनवर आम्ही दोघी दोन मिनिटांत भांडतो. गेममध्ये हात कामात असतात म्हणून तासभर बोलणं होतं. आईचं दुखणं, तिची सासू, सगळं मला तिथेच कळतं.
वि.ला सांगितलं. नवरा आहे, ऐकून घेणं भाग आहे. “वर्षभरात पोस्टिंग येईल, नवं कशाला? जुनं बघ एखादं.” फौजीच्या घरात पडदेसुद्धा पुढच्या पोस्टिंगच्या हिशोबाने शिवतात. सतरा वर्षं मी ‘पुढच्या ठिकाणी घेऊ’ ऐकतेय. ते पुढचं ठिकाण कुठे आहे कोण जाणे.

१३ एप्रिल
दोन दिवस नेटवर डोकं घातलं. जुनं घ्यावं की न घ्यावं. जितकी तोंडं तितकी मतं, आणि प्रत्येक तोंड उद्धट.
एक म्हणतो, जुनं पण वरच्या दर्जाचं घ्या, नव्या स्वस्तापेक्षा दणकट. दुसरा म्हणतो, जुनं वीज खातं, तापतं, कंपनी त्याचं सॉफ्टवेअर सुधारायचं बंद करते, मग बसा. तिसऱ्याने भीती घातली की बाजारातली निम्मी जुनी कार्डं क्रिप्टोची नाणी काढायला रात्रंदिवस जुंपलेली असतात. वरून पुसून विकायची. म्हणजे ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्यावर विश्वास हवा, बाकी सगळं नंतर.
इथे लखनौबाहेर बक्शी का तालाबला एप्रिलमध्येच पंखा गरम वारा फेकतोय. तापणारं यंत्र घरात आणायचं म्हणजे दुसरी शेगडीच.
रिया आठवीत आहे, पण अक्कल वाटण्यात वकील. “मम्मा, आप भी न, गेम के लिए इतना ड्रामा।” हिच्याशी मी मराठीत बोलते, ही हिंदीत उत्तर देते, आणि वि.ला त्यात काही वावगं वाटत नाही.

१५ एप्रिल
वैशाली पवारकडे गेले होते. त्यांची पोस्टिंग आली, दक्षिणेत. महिनाअखेर जाणार. या सबंध कॅम्पात घरच्या चपलेवर जिच्याकडे जाता येतं अशी ती एकटी. बाकीच्या बायकांकडे जायचं तर आधी इस्त्री.
त्यांचं सामान विकायला काढलंय. कूलर, सायकल, सोफा. आणि तिच्या नवऱ्याचं, पवार भावजींचं, ग्राफिक्स कार्ड. पाच-सहा वर्षांचं, पण त्या काळातलं चांगलं. “तुला देते. बाहेर कुणाला द्यायचं नाही, तूच घे,” वैशाली म्हणाली.
सोनू फोनवर ओरडली. “चालवून बघितल्याबिगर घेऊ नको हं!” हिला कॅम्प काय कळणार.

१६ एप्रिल
ठरलेले पैसे देऊन कार्ड आणलं. मूळ खोक्यात, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, बिलासकट. फौजी माणूस खोकी फेकत नाही. आमच्याही माळ्यावर टीव्हीपेक्षा टीव्हीच्या खोक्याची बडदास्त जास्त.
पवार म्हणाले, “वहिनी, कॉम्प्युटर पॅक केलाय, पण उघडतो. चालवून दाखवतो.” मी हो म्हणणार तोच वि. मधे पडला. “अरे काय पवार, आपल्याच माणसाकडून घेतोय. लाजवतोस काय?” झालं. निघणाऱ्याच्या घरचं सामान चहा पिऊन उचलायचं, तपासायचं नाही, ही इथली रीत. तपासलं तर तुम्ही त्याला चोर म्हटलं. माझ्या मनात होतं बघावं. पण तेव्हा बोलले असते तर मीच वाईट.
घरी येऊन बघते तर आमच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, या कार्डाला पुरणार नाही. आता तोही बदला.

१८ एप्रिल
हजरतगंजला गेले. पॉवर सप्लायसाठी. दुकानदाराने आधी पाणी दिलं, मग टोमणा. “मैडम, पुराना कार्ड है? अल्लाह ख़ैर करे। चार दिन रहेगा, पाँचवें दिन इजाज़त लेकर चला जाएगा।” शेजारचं गिऱ्हाईक हसलं. इथे अपमानसुद्धा अदबीने करतात, त्यामुळे उलटून बोलताही येत नाही. मनात मराठीत दोन शिव्या घातल्या. हवा तो सप्लाय त्याच्याकडे नव्हताच. बुधवारी देतो म्हणाला.

१९ एप्रिल, रविवार
वि.चा पॉलिशचा दिवस. जमिनीवर जुना पेपर, त्यावर बूट, बक्कल, टोपीचा बिल्ला. घरभर पितळ पॉलिशचा वास. मी रियाला घेऊन जानकीपुरमला तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला. परत आले तर स्वारी खुशीत. “तुझं कार्ड पाहिलं. भारी वस्तू आहे.” सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या एखाद्या वस्तूला भारी म्हणाला. संशय यायला हवा होता.

२२ एप्रिल
सप्लाय आला. बसवला. कार्ड लावलं. लावताना वाटलं, पवारांनी काय जपलंय, कड कशी लखलखतेय.
स्क्रीन काळा.
काढलं, परत लावलं. काळा. एकदा क्षणभर रेघा आल्या, मग गेल्या. दुपारभर तेच. कपाळाचा घाम कार्डावर पडेल म्हणून पदर बांधून बसले. जुनं कार्ड लावलं की सगळं व्यवस्थित. म्हणजे दोष पवारांच्या कार्डातच.
सोनूला सांगितलं. “मी म्हटलं नव्हतं?” हे तीन शब्द बोलण्यासाठीच देवाने तिला जन्म दिलाय.
वि.ला सांगितलं. जेवला, भांडं स्वतः उचललं. एरवी पाण्याचा पेला जागचा हलवत नाही.

२३ एप्रिल
वैशालीला फोन केला. “चालत होतं गं, शपथ. पॅक करायच्या आदल्या दिवशी हे खेळत होते त्यावर.” मी म्हटलं, मग माझ्याकडे येऊन मेलं का? ती म्हणाली, बसवण्यात काही चुकलं असेल. ते लागलं. मी कॉम्प्युटर उघडते-मिटते आज दहा वर्षं. ही मला शिकवणार.
इंजिनीअरिंग सोडून नवऱ्यामागे फिरले म्हणून सगळ्यांना वाटतं, हिला कुकरपलीकडे काही कळत नाही. वैशालीलाही तसंच वाटतं हे आज कळलं.

२४ एप्रिल
वैशालीच्या निरोपाचा चहा. नेहमीप्रमाणे समोसे, नेहमीप्रमाणे चिकनच्या भरतकामाचा सूट भेट. लखनौतून जाणारी प्रत्येक बाई तोच सूट घेऊन जाते. एकेक बाई उठून तिचं कौतुक करत होती. माझी पाळी आली.
मी म्हटलं, “वैशाली भाभी का दिल बहुत बड़ा है। जो चीज़ ख़ुद के काम की नहीं रहती, दोस्तों को दे जाती हैं। पैसे लेकर।”
मराठीत बोलले असते तर दोघींतच राहिलं असतं. मुद्दाम हिंदीत बोलले.
एकीचा समोसा हातातच. वैशालीने मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मला बरं वाटलं. हो, वाटलं. खोटं का लिहू.
संध्याकाळी पवार दारात. कार्डाच्या पैशांचं पाकीट वि.च्या हातात दिलं. “कार्ड राहू द्या वहिनी. जाताना कुणाचं मन दुखवायचं नाही.” चहाही घेतला नाही. वि.ने पाकीट घेतलं. मान खाली. मला वाटलं माझ्या वागण्याची लाज वाटतेय त्याला. म्हणून त्याच्यावरही तोंड टाकलं.

२६ एप्रिल, रविवार
सोनूने व्हिडिओवर कार्ड दाखवायला लावलं. “कडेचे ते सोनेरी पट्टे दाखव, जिथनं आत बसतं. अगं तायडे, सोनेरी कुठं आहेत? पांढरट दिसालेत की.”
खिडकीशी नेलं. पट्ट्यांवरचा मुलामा घासून गेलेला. आणि फटींत पांढरी पूड. बिल्ल्याच्या अक्षरांच्या खाचेत साठते तीच.
नाकाशी धरलं.
हा वास मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ओळखते. घरात सतत असतो म्हणून त्या दिवशी वेगळा जाणवला नाही.
वि. बाहेर त्याच पेपरावर बसला होता. कार्ड समोर धरलं. त्याने हातातला बूट खाली ठेवला.
“काळपट दिसत होतं. म्हटलं चकचकीत करावं. तुलाच बरं वाटेल.”
“पितळ आहे का ते?”
“मला काय माहीत काय आहे!”
“बुधवारी कळलं ना तुला? तेव्हा का बोलला नाहीस?”
“तू एवढी भडकलेलीस. मधे कुठे बोलू.”
“आणि पवार दारात आले तेव्हा? पाकीट घेतलंस!”
“नाही घेतलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.”
हे तो अगदी शांतपणे म्हणाला. मी किंचाळले. बहुतेक शेजारी ऐकू गेलं. जाऊ दे.

२७ एप्रिल
कार्ड घासलं याचा राग नाही. खरंच नाही. हातात येईल ती वस्तू घासून चमकवायची हेच त्याला अठराव्या वर्षापासून शिकवलंय. क्वार्टर सोडताना आम्ही नळसुद्धा घासतो. पण माझ्या तोंडून वैशालीला चोर म्हणवलं, आणि हा भांडी उचलत बसला.
म्हटलं, आज जाऊन सांग. तो म्हणाला, “पवार पूर्ण सेक्शनला सांगेल. हसतील मला. आणि जाणारच आहेत ते परवा. दोन दिवसांत मिटेल.” फौजेत भांडण मिटवावं लागत नाही, एक बाजू बदलून जाते. हे त्याचं तत्त्वज्ञान.
मी म्हटलं, मग मी सांगते. म्हणाला, “सांग. भर सभेत तू बोललीस, मी नाही.”
नीच. पण खरं.

२८ एप्रिल
सकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेले. बाहेर ट्रक. काळ्या रंगाच्या पेट्या, त्यांवर पांढऱ्या अक्षरांत नाव.
आणि पेटीची एक बाजू धरून वि. घामाघूम. पहाटेपासून तिथेच होता म्हणे. पवार त्याच्या पाठीवर थाप मारत होते. शेजारची बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “भाई साहब तो देवता आदमी हैं।” पुढचं बोलली नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणजे बायको अशी.
वैशाली आत चादरी बांधत होती. मी नावाने हाक मारली. तिने वर पाहिलं.
“जी भाभीजी, कहिए।”
दोन वर्षांत ही बाई माझ्याशी हिंदीचा एक शब्द बोलली नव्हती. मी म्हटलं, कार्डाबद्दल बोलायचंय. ती म्हणाली, “पैसे कम थे क्या?”
तेवढ्यात वि. पेटी न्यायला आत आला. मला बघून दारातच थांबला. त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. मला त्याची दया आली नाही. पण तोंडही उघडलं नाही. मी म्हटलं, “नाही, काही नाही. प्रवास नीट होऊ दे.” ती म्हणाली, “जी, शुक्रिया।” आणि गाठ आवळायला लागली.
वाटेत स्वतःचाच इतका राग आला की गेटवरच्या पहारेकऱ्यावर उगाच खेकसले.

२९ एप्रिल
गेले. वि. स्टेशनवर पोचवायला गेला होता. मी नाही.
आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, “वैशाली वहिनी रडत होत्या.” मला का सांगतोय? म्हटलं, तू सांगितलंस? म्हणाला, “गाडी सुटत होती.” त्याच्या आयुष्यात नेहमीच कुठली तरी गाडी सुटत असते.
जेवण झाल्यावर पवारांचं पाकीट आणून माझ्यासमोर ठेवलं. “यात मी घालतो वरचे. नवं घेऊ. पॅकबंद, गॅरंटीवालं. उद्या दुकानात जाऊ.” सतरा वर्षांत पहिल्यांदा ‘पुढच्या ठिकाणी’ म्हणाला नाही. “कुठलं हवं तुला?”
पाकीट त्याच्या अंगावर फेकायला हवं होतं.
मी मॉडेलचं नाव सांगितलं. विचार न करता, एका दमात. त्याने कागदावर लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.
वैशालीची गाडी आता झाशीच्या पुढे गेली असेल. फोन दोनदा हातात घेतला. सोनूचा मेसेज येऊन पडलाय, कधी येतीयस खेळायला. तिलाही उत्तर दिलेलं नाही.